आधी उडवा, मग सुतार बोलवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय 51, प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, धायरीत टू बीएचके. लहानपण विश्रांतवाडीत गेलं, लोहगावची विमानं बघत बघत. घरी फ्लाइट सिम्युलेटर बनवायचं खूप वर्षं डोक्यात आहे. मुलगी शिकायला बाहेरगावी गेलीये, तिची खोली रिकामी आहे, आणि बोनसचे दोन लाख बाजूला ठेवलेत. बोइंग 737 च्या ओव्हरहेड पॅनलचं, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या स्विचच्या पाटीचं, एक कोटेशन आलंय, जवळजवळ सगळे पैसे त्यातच जातील पण दिसतं अगदी खऱ्यासारखं. ॲडव्हान्स भरू का? सध्या 8 जीबीचा लॅपटॉप आहे. बायको म्हणते एवढ्या पैशात खरंच विमानानं फिरून येऊ, आणि खोली अडवायची नाही, दिवाळीनंतर आई राहायला येणारेत. बाकीचे नुसते हसतात. भाचा बारावी सायन्सला आहे, त्याला पायलट व्हायचंय, माझ्या सिम्युलेटरवरचे तास त्याला धरतील का? – विमानवेडा, धायरी"

नमस्कार विमानवेडे,

ॲडव्हान्स भरू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण कोटेशनवाल्याचा फोन परत येईल आणि "सर ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे" म्हणेल, तेव्हा हात खिशाकडे जायला नको.

ओव्हरहेड पॅनल दिसतं भारी, त्यात वाद नाही. पण ते वापरायचं कधी? बॅटरी, फ्युएल पंप, हायड्रॉलिक्स, जनरेटर, ब्लीड एअर हे सगळं मुख्यतः इंजिन सुरू करताना आणि उतरल्यावर बंद करताना. एकदा विमान वर गेलं की सगळं सुरळीत असेल तर मधूनमधून लाइट नाहीतर अँटी-आइसचा स्विच, बाकी तिकडं हात फारसा जात नाही. म्हणजे तुम्ही पहिली दहा-पंधरा मिनिटं मस्त टकाटक स्विच दाबणार आणि मग खरं विमान उडवायची वेळ आली की माउस हातात घेणार, कारण पैसे संपलेले. शिवाय ते टांगायला फ्रेम हवी, त्याचं वायरिंग हवं, आणि ज्या सॉफ्टवेअरला ते जोडायचं ते चालवणारा पीसी हवा. हे म्हणजे आधी छत आणलं आणि खाली भिंतीच नाहीत.

माझं म्हणणं एकच आहे आणि बाकी सगळं पत्र त्याभोवतीच फिरणारे: आधी उडवायला लागा, आणि उडवताना हाताला, पायाला, मानेला ज्या गोष्टीची अडचण होईल तीच पुढची गोष्ट घ्या किंवा बनवा. फोटोत काय छान दिसतं ते बघून नाही. हा छंद अर्धवट सोडणारे बरेच जण इथंच अडकतात, पॅनल तयार, लाइट पेटतात, पाहुण्यांना दाखवून झालं, आणि साहेबांना अजून क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, छोटं सेसना उतरवता येत नाही, मग सहा महिन्यांत त्यावर इस्त्रीचे कपडे.

तर सुरुवात अशी करा. लॅपटॉप आहे तोच ठेवा. फ्लाइटगिअर नावाचं सिम्युलेटर पूर्ण फुकट आहे, ओपन सोर्स, दिसायला जुनाट पण शिकायला चालतं. एक्स-प्लेन 12 चा डेमोही फुकट मिळतो, तो 8 जीबीवर जेमतेम चालेल, ग्राफिक्स खाली आणा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 च्या नादी आत्ता लागू नका, त्याला कमीत कमी 16 जीबी रॅम लागते, सुचवलेली 32, आणि जमीन-इमारती इंटरनेटवरून सतत ओढत राहतं. एक साधी जॉयस्टिक घ्या, फक्त एवढं बघा की दांडा स्वतःभोवती पण फिरतो ना, म्हणजे ट्विस्ट, त्यावर रडर चालतो, शेपटीवरचा नाक डावी-उजवीकडं वळवणारा भाग. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो वर्षानुवर्षं लोक यासाठीच घेतात. बास, एवढ्यावर दोन महिने काढायचे.

विमान सेसना 172 घ्यायचं, हो, तेच छोटं, वरती पंख असलेलं, ज्यावर जगभरात असंख्य पायलट शिकलेत. मला माहितीये तुमचं मन 737 मध्ये आहे पण सेसनात तुमची चूक लगेच दिसते, आणि मोठ्या जेटमध्ये ऑटोपायलट ती पोटात घालतो.

आता अभ्यास देतो. लोहगावच्या रनवे 10 वरून, म्हणजे पूर्वेकडं तोंड करून, उडायचं. साधारण 55 नॉट्सला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) नाक उचला, 74 ला चढत राहा. मग उजवीकडं मोठं वळण घेत नैऋत्येला, हेडिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, 215 च्या आसपास धरा आणि सिंहगड शोधा. खडकवासल्याचं पाणी उजव्या अंगाला दिसायला लागलं की तुम्ही बरोबर आहात, आणि तुमची धायरीही तिथंच खाली कुठंतरी. अंतर साधारण सोळा नॉटिकल मैल, नऊ-दहा मिनिटांचं काम. (खऱ्या आयुष्यात लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथं असं हौसेनं कुणी उडू देणार नाही, घरात बसून मात्र कुणाच्या बापाची भीती नाही.) इथं नवशिक्याची एक हमखास गंमत होते. आल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, आणि लोहगावचा रनवेच साधारण 1,940 फुटांवर आहे, म्हणजे विमान जमिनीवर उभं असतानाच काटा जवळजवळ दोन हजारावर. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो मी तीन हजार फुटांवर आहे, निवांत, आणि प्रत्यक्षात जमीन हजार फुटांवर असते. सिंहगड 1,312 मीटर, म्हणजे 4,300 फूट. साडेतीन हजारावरून गेलात तर गडावर पोचाल पण कल्याण दरवाज्यातून. साडेपाच हजार धरा.

मग परत येऊन उतरा. फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ समोर आल्यावर, 65 नॉट्स, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण बाहेर, आणि रनवेच्या बाजूचे पापी लाइट बघत राहा, दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही लाल झाले की तुम्ही फार खाली आलात. हे पाच-दहा वेळा केलंत की तुम्हाला स्वतःलाच कळेल काय कमी पडतंय, मला विचारायची गरज नाही. तरी सांगतो, बहुतेकांचा क्रम सारखाच असतो.

पहिली अडते मान. रनवेला वळसा घालून परत येताना डावीकडं मागं बघावं लागतं, रनवे कुठाय ते, आणि स्क्रीन तर समोरच. याला उपाय फुकट आहे. ओपनट्रॅक म्हणून सॉफ्टवेअर आहे, साध्या वेबकॅमवर तुमचं डोकं किती वळलं ते ओळखतं आणि विमानातली नजर तेवढी, किंबहुना जास्त, वळवतं. तीन मॉनिटर घ्यायच्या आधी हे करून बघा, कित्येकांची तीन मॉनिटरची हौस इथंच फिटते. खोलीत उजेड मात्र तोंडावर पडू द्या, पाठीमागं खिडकी असली की कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

दुसरे अडतात पाय, आणि इथं खरी मजा आहे. सेसनाचा पंखा पायलटच्या बाजूनं बघितला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्यामुळं फुल पॉवरला नाक डावीकडं ओढलं जातं आणि उजवा पाय दाबून धरावा लागतो. दांडा पिळून ते जमतं पण हात एकाच वेळी तीन कामं करतो, सगळं गोंधळतं. म्हणून तुमचा पहिला 'बनवायचा' प्रोजेक्ट रडर पेडल, पॅनल नव्हे. विकत पण मिळतात, पण ही गोष्ट घरी बनवायला सोपी आणि चुकली तरी फार नुकसान नाही. 18 एमएमचा प्लाय, त्यावर मधोमध बेअरिंगवर फिरणारी एक आडवी पट्टी, दोन टोकांना पेडल, म्हणजे एक पुढं गेलं की दुसरं मागं येणार. मधे परत यायला दोन्ही बाजूंना टेन्शन स्प्रिंग. प्लाय भवानी पेठेत टिंबर मार्केटला कापून मिळतो, स्प्रिंग, बेअरिंग, नटबोल्ट, बिजागऱ्या रविवार पेठेत बोहरी आळीत. स्प्रिंग घेताना दुकानात उभं राहून हातानं ओढून बघू नका, हाताला कडक वाटलेली स्प्रिंग पायाला मऊ लागते, त्यामुळं दोन-तीन वेगवेगळ्या ताकदीच्या जोड्या घेऊन या.

पेडलची हालचाल कॉम्प्युटरला सांगायला बहुतेक जण 10के चा पोटेन्शिओमीटर लावतात, व्हॉल्यूमच्या नॉबमागं असतो तोच. दोन गोष्टी बघा. एक, लिनिअर घ्या, त्यावर बहुतेक वेळा बी10के लिहिलेलं असतं, ए10के घेतलात तर तो ऑडिओचा, पेडल अर्ध्यापर्यंत काहीच नाही आणि मग एकदम सगळं. दुसरी गोष्ट गणिताची, तुम्ही अकाउंट्सवाले, लगेच पटेल. पॉट एकूण 270 अंशांच्या आसपास फिरतो आणि आर्डुइनो, म्हणजे ही हालचाल वाचून कॉम्प्युटरला सांगणारा छोटा बोर्ड, तेवढ्याचे 1,024 भाग करून वाचतो. तुमची पट्टी फिरणार जेमतेम 40 अंश. म्हणजे हातात आले दीडशे भाग, डावीकडं पाऊणशे, उजवीकडं पाऊणशे. रनवेवर सरळ पळवताना नाक झटक्याझटक्यानं हलायला लागतं आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देतो. उपाय असा की पट्टीची हालचाल छोट्या दांडीनं किंवा दात्यांनी वाढवून पॉटला द्या, नाहीतर पॉट सोडा आणि 49ई नावाचा हॉल सेन्सर, म्हणजे मॅग्नेटची हालचाल ओळखणारा, आणि दोन छोटे मॅग्नेट वापरा, त्यात काही घासत नाही त्यामुळं झिजत नाही आणि वर्षभरानं कचरा जाऊन आकडे थरथरत पण नाहीत. मी असतो तर सरळ हॉलच लावला असता.

बोर्ड घेताना तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, कुठंही घ्या, पण दुकानदार "आर्डुइनो म्हणजे ऊनोच घ्या साहेब" म्हणाला तर ऐकू नका. ऊनो चांगला बोर्ड आहे पण तो कॉम्प्युटरला स्वतःहून जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या, त्यातल्या एटीमेगा 32यू4 चिपमध्ये यूएसबी आतच असतं, त्यामुळं जॉयस्टिक लायब्ररी टाकली की विंडोजला वाटतं ही विकतचीच जॉयस्टिक लावलीये. पुढं स्विच, नॉब, लाइट वाढले की मोबीफ्लाइट बघा, तेही फुकट, कोड न लिहिता नुसतं क्लिक करून कुठलं बटण विमानातल्या कशाला जोडायचं ते ठरवता येतं. एनकोडर, म्हणजे गोल गोल कितीही फिरणारा कटकट आवाज करणारा नॉब, जोडला आणि एका कटला हेडिंग दोन अंश सरकायला लागलं किंवा दोन कटला एक, तर नॉब खराब नाहीये, काही एनकोडर एका कटमध्ये चार बदल पाठवतात काही दोन, मोबीफ्लाइटमध्ये त्याचा प्रकार बदला, लगेच सुधारतो. आणि सगळं 5 व्होल्टवर ठेवा. 230 चं काहीही या फ्रेममध्ये आणू नका, बॅकलाइटला सुद्धा नाही. यूएसबी हब मात्र वेगळ्या अडॅप्टरवाला घ्या, नाहीतर दहा एलईडी पेटल्या की जॉयस्टिक गायब.

तिसरी गोष्ट जी कुणी पत्रात विचारत नाही, ट्रिम व्हील. सेसनात विमान सरळ राहायला दांडा सतत दाबून धरायचा नसतो, ट्रिमनं तो भार काढून टाकायचा असतो. कीबोर्डवर हे फार वैतागवाणं होतं. एक एनकोडर आणि हाताला मोठं वाटेल असं चाक, झालं. माझ्या मते अख्ख्या ओव्हरहेड पॅनलपेक्षा हे एक चाक जास्त आनंद देतं.

आता तुमचं जेट. दोन-चार महिन्यांनी सेसना व्यवस्थित उतरायला लागलं आणि तरी मन मोठ्या विमानातच असेल तर 737 ऐवजी एअरबस ए320 चा विचार करा, हे थोडं मनाविरुद्ध सांगतोय. 737 मध्ये मोठं, स्टिअरिंगसारखं योक आहे, दोन्ही पायलटचं एकमेकांना जोडलेलं, ऑटोपायलट लागला की ते स्वतः हलतं, आणि ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारा) लागला की थ्रॉटलचे दांडे पण आपोआप मागंपुढं होतात. घरी हे खरं करायचं म्हणजे मोटरी, बेल्ट, ड्रायव्हर आणि न संपणारी कटकट, आणि मोटर नाही लावली तर दांडा एकीकडं आणि इंजिन दुसरीकडं. ए320 मध्ये साइडस्टिक, म्हणजे बाजूला जॉयस्टिकसारखी छोटी दांडी, आहे, तिला खऱ्या विमानात सुद्धा नुसती स्प्रिंग असते, हवेचा जोर हाताला लागत नाही, आणि थ्रस्ट लिव्हर (थ्रॉटलचेच दांडे) उडाल्यावर क्लाइंबच्या खाचेत ठेवले की उतरेपर्यंत बहुतेक तिथंच राहतात, स्वतःहून हलत नाहीत. म्हणजे स्प्रिंगवाली स्वस्त जॉयस्टिक ए320 मध्ये जवळजवळ खरीच वाटते, 737 मध्ये तीच खोटी. आणि तसंही तुम्ही पुण्याहून कुठं गेला असाल तर बहुतेक वेळा ए320 मध्येच बसला असाल.

दोन लाखांचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त पीसी खाईल आणि खाऊ द्या, ग्राफिक कार्ड आणि रॅम यात कंजुषी केली तर पुढं सगळं अडकतं. पण तो पीसी आज नको, दोन महिने उडवून झाल्यावर. बसायला गेमिंग चेअर नको, मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी जा, गाडीची जुनी सीट रेलसकट मिळाली तर सोन्याहून पिवळं, मागंपुढं सरकते. घेताना रेलचं लॉक लागतंय का ते तिथंच बसून बघा.

हसणाऱ्यांचं काय एवढं. ज्याला पहिला नावाजलेला सिम्युलेटर म्हणतात तो 1929 साली एडविन लिंक नावाच्या माणसानं बनवला, त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता, आणि त्यानं विमान हलवायला त्यातलेच भाते वापरले, आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीत असतात तसलेच. सुरुवातीला ते यंत्र जास्त करून जत्रेतल्या खेळासारखं विकलं गेलं. 1934 मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांना टपाल नेताना खराब हवेत अपघात व्हायला लागले तेव्हा त्यांनी सहा यंत्रं घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो पायलट त्यात बसून शिकले. आणि वयाचा विषय कुणी काढलाच तर जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून कराची-अहमदाबाद-मुंबई टपाल आणलं आणि पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, 78 व्या वर्षी तेच उड्डाण लेपर्ड मॉथमधून परत केलं. सेसना जमली की हा मार्ग उडवून बघा, कराचीहून निघून अहमदाबादला थांबून जुहूला उतरायचं, ऑटोपायलट न लावता, नकाशा बघत. अख्खी दुपार जाते पण मजा येते.

भाच्याला स्पष्ट सांगा, घरच्या सिम्युलेटरचा एक मिनिटसुद्धा डीजीसीए, म्हणजे पायलटना लायसन्स देणारं सरकारी खातं, धरत नाही. कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात आणि घरच्या खुर्चीतले तास त्यात येत नाहीत. चेकलिस्ट, रेडिओवरची भाषा, नकाशा वाचणं याची सवय होईल, तेवढा फायदा खरा. एक तोटा पण आहे, घरी शिकलेली पोरं बाहेर बघायचं सोडून काट्यांकडंच बघत बसतात आणि मग इन्स्ट्रक्टर ओरडतो. त्याला खरंच पायलट व्हायचं असेल तर फिजिक्स-मॅथ्समध्ये नीट मार्क आणि क्लासची फी भरायच्या आधी मेडिकल, आधी क्लास 2 आणि मग क्लास 1, कारण लाखो रुपये भरून झाल्यावर डोळ्यात नाहीतर कानात काही निघालं तर फार वाईट वाटतं.

राहिल्या वहिनी, आणि त्यांचं काही चुकत नाहीये. खोली आईंची होणार असेल तर ती आईंची, त्यात तुमचा 737 बसणार नाही. पण सगळं मिळून अडीच फूट बाय चार फुटांच्या फ्रेमवर बसवलंत, खाली लॉकवाली चार चाकं, तर पेडल, सीट, मॉनिटर सगळं एका ठोकळ्यात राहतं आणि ढकलून हॉलच्या कोपऱ्यात लावता येतं. फिरून यायचं म्हणतायत तर तेही करा, पॅनलचे पैसे वाचलेच आहेत, आणि खिडकीची सीट पंखाच्या मागची घ्या, फ्लॅप्स कधी किती बाहेर येतात ते बघायला मिळतं. फक्त सुताराला फ्रेम सांगायच्या आधी मुलीच्या खोलीच्या दाराची रुंदी टेपनं मोजा, चौकटीच्या आतून, आणि कडी-बिजागरीचा अर्धा-पाऊण इंच वजा करून तोच आकडा त्याला द्या.